‘येते’ आणि ‘येतो’ : नागपूरच्या एका आईच्या प्रश्नांना उत्तर

नागपूरच्या एका आईने विचारलेले प्रश्न थोडक्यात असे आहेत. त्यांचे धाकटे अपत्य एकवीस वर्षांचे असून अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झाली आणि मुलगी म्हणूनच वाढवले. गेल्या दिवाळीत त्याने आईवडिलांना सांगितले की आपण मुलगा आहोत, आणि स्वतःसाठी निवडलेल्या नावाने हाक मारावी अशी विनंती केली. आई विचारतात: हे पीसीओएसमुळे, म्हणजे अंडाशयाच्या संप्रेरक-विकारामुळे, झाले असेल का? मोबाइलवर पाहून डोक्यात आले असेल का? मुलींविषयी आकर्षण आहे आणि तेच वेगळ्या शब्दांत सांगितले जात आहे, असे असेल का? नातेवाईक म्हणतात की लग्न झाले की ठीक होईल, ते खरे का? मोठी मुलगी विचारते की यंदा भाऊबीजेला याला ओवाळू का, तिला आणि आजीला काय सांगू? आणि शेवटी त्या लिहितात, ‘दोन वर्षांपूर्वीपर्यंत कथ्थक करायची, अजूनही काजळ घालते, केससुद्धा फार बारीक कापलेले नाहीत. मग ही मुलगा कशी?’

ताई, आपला शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीच्या प्रश्नांची गाठ तिथेच आहे. त्यापूर्वी एक खुलासा करायला हवा. आपण ‘ती’ लिहिले आहे आणि एकवीस वर्षांची सवय एका दिवाळीत सुटत नाही, हे मी जाणते. मी मात्र या उत्तरात ‘तो’ लिहिणार आहे, कारण त्याने स्वतःविषयी तसे सांगितले आहे. हा नियम मला उशिरा उमगला. समुपदेशनाच्या कामाला लागले त्या पहिल्या वर्षांत एकोणीस वर्षांच्या एका तरुणाने मला हेच सांगितले होते, आणि कुठल्याच बाजूला झुकायचे नाही या विचाराने मी कित्येक महिने कागदावर आणि बोलण्यातही ‘ती’च म्हणत राहिले. मला वाटत होते की मी तटस्थ आहे. त्याच्या बाजूने पाहिले तर दर भेटीत मी त्याला एकदा नाकारत होते. एके दिवशी तो यायचा थांबला. ते केसपेपर मी अजून जपून ठेवले आहेत.

आता काजळ आणि कथ्थक. माणूस आतून स्वतःला पुरुष, स्त्री किंवा या दोन्हींत न बसणारे काही समजतो, ती त्याची लिंगभाव ओळख. कपडे, केस, चाल, आवाज, दागिने, छंद यांतून जे बाहेर दिसते, ती लिंगभाव अभिव्यक्ती. जन्माच्या वेळी शरीर पाहून दाखल्यावर जे लिहिले जाते, ते नोंदवलेले लिंग. बहुतेकांच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी एका रेषेत असतात, म्हणून त्या वेगळ्या आहेत हे लक्षात येण्याची वेळच येत नाही. चपलेत खडा नसलेल्या माणसाला आपल्या चपलेची जाणीव नसते, तसे हे आहे. आपल्या मुलाच्या बाबतीत नोंद आणि ओळख यांचा मेळ नाही, एवढेच त्याने आपल्याला सांगितले आहे. असा मेळ नसलेल्या व्यक्तीला ट्रान्स म्हणतात. त्याने काजळ सोडले की नाही, हा त्याहून निराळा विषय आहे.

आपल्या मराठी माणसाला हे पटायला खरे तर जड जाऊ नये. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, रंगमंचावर शालू नेसून उभे राहत तेव्हा त्यांच्या लुगड्याची नेसण घरोघरी उचलली जाई. पण त्यामुळे ते स्त्री आहेत, असे कोणी मानले नाही. ती भूमिका होती हे मान्य, तरीही दिसणे आणि असणे यांत अंतर असते, हे प्रेक्षकांना ठाऊक होते. बिरजू महाराजांनी आयुष्यभर कथ्थक केले. आपल्याकडे तान्ह्या मुलग्यांच्या डोळ्यांत काजळ घालतात आणि गालावर तीटही लावतात. म्हणजे मुलगा म्हणून नोंदवलेल्या मुलाने काजळ घातले, नृत्य केले, केस वाढवले तर आपण त्याला ‘मुलगा असून’ असे केले म्हणतो. आणि ट्रान्स मुलाने तेच केले तर तो मुलगाच नाही असे ठरवतो. ट्रान्स पुरुषाने पुरुष ठरण्यासाठी इतर पुरुषांहून कठीण परीक्षा द्यावी, अशी ही अपेक्षा आहे, आणि ती मला अन्यायाची वाटते. या अपेक्षेपोटी कित्येक तरुण आवडते छंद सोडतात, मुद्दाम राकटपणे वागू लागतात आणि मग त्यातही गुदमरतात.

आणखी एक शक्यता सांगते, ती आपल्या मुलाला लागू आहे की नाही हे तोच सांगू शकेल. अनेक ट्रान्स तरुणांनी मला सांगितले आहे की स्वतःपाशी कबुली देण्याच्या आधीची दोन-तीन वर्षे त्यांनी मुलगी होण्याचा कसून प्रयत्न केला होता. केस वाढवले, कानातले घातले, मावसबहिणीच्या लग्नात हौसेने साडी नेसून फोटो काढले. घरच्यांना त्या फोटोंत आनंदी मुलगी दिसते. त्याला त्याच फोटोंत आपला शेवटचा, थकून केलेला प्रयत्न दिसतो. म्हणून जुना अल्बम पुढे ठेवून ‘हे बघ, तेव्हा तर किती छान होतीस’ असे म्हणू नये. त्याच अल्बमविषयी ‘तेव्हा तुला काय वाटत होतं?’ एवढे विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी.

ओळख डोळ्यांना दिसत नाही. ती ऐकावी लागते. आणि मराठी ही भाषा त्या बाबतीत फार उघडी आहे. ‘आय ॲम गोइंग’ म्हणताना इंग्रजीत बोलणाऱ्याचे लिंग कळत नाही, मराठीत मात्र ‘मी जाते’ किंवा ‘मी जातो’ यांतले एक निवडावेच लागते. काही वर्षांपूर्वी एक तरुण माझ्याकडे पहिल्यांदा आला. चाळीसएक मिनिटे तो नीट, सविस्तर बोलला. ‘मला उशीर झाला’, ‘सीताबर्डीला मेट्रो बदलावी लागली’, ‘सकाळपासून काही खाल्लं नाही’, ‘घरी सांगायचं आहे पण हिंमत होत नाही’. कितीतरी वेळाने माझ्या लक्षात आले की या सबंध वेळात त्याने आपले लिंग उघड करणारे एकही क्रियापद वापरलेले नाही. मराठीत हे करता येते: ‘मला’ने वाक्य सुरू करायचे, ‘मी पुस्तक वाचलं’ अशी कर्माप्रमाणे चालणारी रूपे वापरायची, आणि ‘मी आले’, ‘मी बसते’ यांच्या वाटेला जायचेच नाही. पण त्यासाठी प्रत्येक वाक्य तोंडातून निघण्यापूर्वी मनात एकदा तपासावे लागते. हा तरुण नववीपासून असे बोलत होता आणि घरात कोणाच्याही ते ध्यानात आले नव्हते. ‘फार कमी बोलते’ एवढीच घरच्यांची तक्रार होती. निघताना तो दाराशी थांबून हळूच म्हणाला, ‘येतो मॅडम.’ आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. मी म्हणाले, ‘नीट जा रे.’ त्या एका ‘रे’ने त्याचे खांदे खाली आलेले मी पाहिले.

हे वाचून घरातल्या प्रत्येक क्रियापदावर पाळत ठेवू नका, ही विनंती आहे. कोल्हापूरकडच्या कितीतरी मुली ‘मी आलो’, ‘मी जातो’ असेच बोलतात. ती तिकडची बोली आहे, त्यावरून त्यांच्या ओळखीविषयी काहीच सिद्ध होत नाही. आपल्या नागपुरात आया मुलींना सर्रास ‘बेटा’ म्हणतात. शब्द हा पुरावा नव्हे. तो शब्द उच्चारताना किंवा ऐकताना त्या माणसाला मोकळे वाटते की बोच लागते, हे महत्त्वाचे असते. आपले मूल फार कमी बोलत असेल, तर त्याच्या अबोलपणामागे हे कारण आहे का, याकडे एकदा या दृष्टीने पाहा.

‘ट्रान्समॅस्क्युलिन’ हा शब्द आपल्याला त्याच्या तोंडून ऐकायला मिळेल, म्हणून त्याचा अर्थ सांगते. जन्मतः स्त्री म्हणून नोंद झालेल्या, पण ज्यांची ओळख पुरुषत्वाच्या बाजूची आहे, अशा सर्वांसाठी तो वापरला जातो. त्यांतले बरेच जण स्वतःला सरळ पुरुष, ट्रान्स पुरुष म्हणतात. काही जण म्हणतात की आपण स्त्री नाही हे नक्की, पण पूर्ण पुरुष असेही म्हणवत नाही. ते स्वतःला नॉन-बायनरी म्हणवतात. त्यांच्यापुढे मराठीची अडचण आणखी मोठी असते, कारण आपले नपुंसकलिंग ‘ते मूल’, ‘ते वासरू’ यांच्यासाठी राखलेले आहे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी काहींनी आदरार्थी ‘ते’ स्वीकारले आहे, काहींना ‘तो’ पुरेसे जवळचे वाटते. आपल्या मुलाने ‘मुलगा’ हा शब्द स्वतः वापरला आहे, तेव्हा तूर्त तोच धरून चालावे.

आपल्याला हे सगळे अनोळखी वाटते, यात आपला दोष नाही. ट्रान्स म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तृतीयपंथी समाज येतो, म्हणजे बहुतांशी जन्मतः पुरुष म्हणून नोंद झालेल्या व्यक्ती. त्यांना गुरू-चेल्यांची जुनी परंपरा आहे, घराणी आहेत, सणसमारंभांत ठरलेली जागा आहे. आपल्या नागपूरच्याच विद्या कांबळे लोकअदालतीत पॅनेलवर बसल्या, तेव्हा ती बातमी देशभर गेली. ट्रान्स पुरुषांना अशी पारंपरिक समाजव्यवस्था मिळाली नाही. मुलगी म्हणून वाढल्यामुळे रात्री उशिरा बाहेर थांबण्याची, घर सोडून दुसऱ्या गावी जाण्याची, आपल्यासारख्यांना शोधण्याची मोकळीक त्यांना क्वचितच मिळते. ‘जरा टॉमबॉय आहे’ म्हणून लहानपणी कौतुक होते, पाळी आली की तेच कौतुक धाकात बदलते, आणि पंचविशीपर्यंत स्थळे येऊ लागतात. त्यांची संख्या कमी आहे म्हणून ते दिसत नाहीत, असे मानू नये. ते घरातच असतात.

आता पीसीओएस. या विकारात अंडाशयातून पुरुषी संप्रेरके काहीशी जास्त स्रवतात, पाळी अनियमित होते, चेहऱ्यावर लव वाढते. पण पीसीओएस असलेल्या बहुसंख्य स्त्रिया स्वतःला स्त्रीच मानतात आणि हनुवटीवरचा एखादा केस दिसला तरी अस्वस्थ होतात. ज्या केसांमुळे एक मुलगी पार्लर गाठते, तेच केस आरशात पाहून आपल्या मुलाला बरे वाटत असेल, तर हा फरक संप्रेरकांनी केलेला नाही; तो आधीपासून असलेल्या ओळखीचा आहे. पीसीओएसवर उपचार जरूर करावेत, कारण त्याचा संबंध रक्तातील साखरेशी आणि गर्भाशयाच्या अस्तराशी आहे. मात्र त्यासाठी सहसा दिल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये स्त्री-संप्रेरके असतात आणि काही ट्रान्स तरुणांना त्यांनी छाती भरून आल्यासारखे वाटते व फार त्रास होतो. हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगितले तर ते दुसरा पर्याय सुचवू शकतात.

याच ओघात काही कुटुंबे गुणसूत्रांची तपासणी करून मागतात. 2018 मध्ये जन्मतः मुलगी म्हणून नोंद झालेले बीडचे पोलीस शिपाई ललित साळवे यांच्या लिंगबदल शस्त्रक्रियेची बातमी गाजली आणि त्यांच्या तपासणीत वाय गुणसूत्र आढळल्याचे तेव्हा छापून आले. तेव्हापासून ‘आमच्याही मुलाचे तसेच असेल’ अशी आशा अनेक जण बाळगतात. शरीराची घडणच जन्मतः वेगळी असणे याला इंटरसेक्स म्हणतात, आणि तो वेगळा विषय आहे. बहुतेक ट्रान्स पुरुषांची गुणसूत्रे इतर स्त्रियांसारखीच, म्हणजे एक्सएक्स असतात. अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणून मुलगा खोटे बोलतो आहे, असा अर्थ काढला जातो आणि घरात नवे भांडण सुरू होते. डॉक्टरांना शारीरिक लक्षणांवरून गरज वाटली तर तपासणी करावी, पण ओळखीचा निकाल त्या कागदावर शोधू नये.

मोबाइलमुळे झाले का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे की शब्द मोबाइलवर मिळाला असेल, भावना तिथून आलेली नसते. लॉरेन्स मायकल डिलन या ब्रिटिश डॉक्टरांनी 1939 मध्ये टेस्टोस्टेरॉन घ्यायला सुरुवात केली आणि 1940 च्या दशकात शस्त्रक्रियाही करून घेतल्या. जन्मतः त्यांची नोंद मुलगी म्हणून झाली होती. पुढे ते भारतात आले, बौद्ध धर्माच्या वाटेने गेले आणि 1962 मध्ये डलहौसी येथे वारले. त्या काळात टीव्हीसुद्धा घरोघरी नव्हता. असे असले तरी आपली शंका मी उडवून लावत नाही. वयात येताना गोंधळ होऊ शकतो, एखाद्याला पुढे वेगळा शब्द अधिक आपला वाटू शकतो. म्हणूनच नाव, सर्वनाम, कपडे यांपासून सुरुवात करणे शहाणपणाचे असते. या गोष्टींनी शरीरात काहीच बदल होत नाही, त्या मागे घेता येतात, आणि सहा महिने नव्या नावाने जगल्यावर माणसाला स्वतःविषयी जे कळते, ते चार भिंतींत वाद घालून कळत नाही.

आकर्षणाचा प्रश्न थोडक्यात. आपण कोण आहोत आणि आपल्याला कोण आवडते, हे दोन प्रश्न आहेत. स्त्रियांवर प्रेम करणारी, शर्ट-पँट घालणारी, केस बारीक ठेवणारी स्त्री ही स्त्रीच असते आणि तिला तसे म्हणवून घेण्यात अडचण नसते. ट्रान्स पुरुषाला स्त्रिया आवडू शकतात, पुरुष आवडू शकतात, दोन्ही आवडणे किंवा कोणीच न आवडणे हेही शक्य आहे. त्याने अजून याबद्दल काही सांगितले नसेल, तर आपण विचारू नये.

लग्नाविषयी मला अधिक स्पष्ट बोलायचे आहे. लग्नाने ओळख बदलल्याचे एकही उदाहरण मी माझ्या कामात पाहिलेले नाही. मोडलेली लग्ने पाहिली आहेत, माहेरी परत आलेली माणसे पाहिली आहेत, आणि ज्या तरुणाशी काहीही न सांगता लग्न लावले गेले त्याचे उद्ध्वस्त झालेले आयुष्यही पाहिले आहे. आपला मुलगा सज्ञान आहे. त्याच्या इच्छेविरुद्ध स्थळे पाहणे आजच थांबवावे. तसेच ‘हे बरे करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून दूर राहावे, मग ते बुवा असोत वा पदवीधर. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती 2022 पासून लागू झाली आणि तीत लिंगभाव विसंगतीला मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढले आहे. मद्रास उच्च न्यायालयात 2021 मध्ये न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांच्यासमोर चाललेल्या प्रकरणानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये अशा ‘रूपांतर उपचारां’ना डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. ओळख हा आजार नव्हे. नाकारले गेल्यामुळे येणारे नैराश्य, झोप उडणे, स्वतःला इजा करण्याचे विचार हे मात्र खरे त्रास आहेत आणि त्यांवर उपचार आहेत. असे काही जाणवले तर थांबू नका. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

आता ज्या गोष्टीची मला नागपुरात सर्वाधिक काळजी वाटते ती सांगते, कारण ती आपण या उन्हाळ्यातच पाहू शकता. छाती सपाट दिसावी म्हणून अनेक ट्रान्स तरुण बाइंडर नावाचा घट्ट अंगरखा घालतात. घरी कळू नये म्हणून काही जण मेडिकलच्या दुकानातून क्रेप बँडेज आणून छातीभोवती गुंडाळतात. ते बँडेज श्वासागणिक आवळत जाते, बरगड्या दुखतात, श्वास पुरत नाही. त्यावर शर्ट, शर्टावर जाकीट, आणि बाहेर मे महिन्यातले पंचेचाळीस अंश. त्यातच कॉलेजातल्या कोणत्या स्वच्छतागृहात जावे हे ठरत नाही, म्हणून मुले सकाळपासून पाणीच पीत नाहीत. एका आईने मला सांगितले की दप्तरातली पाण्याची बाटली रोज संध्याकाळी जशीच्या तशी भरलेली परत येते, आणि तिला वाटत होते की मूल विसरभोळे आहे. पुढे लघवीचा संसर्ग झाला, मग उन्हाने चक्कर येऊन पडणे झाले, तेव्हा कुठे कारण समजले. म्हणून बाटली पाहा. बँडेज असेल तर रागावू नका, योग्य मापाचा बाइंडर घेऊन द्या. तो दिवसात आठ तासांहून जास्त घालू नये, झोपताना आणि व्यायाम करताना काढावा, श्वास लागला किंवा बरगडी दुखली तर लगेच काढावा. घामोळे आणि बुरशीचा संसर्ग टाळण्यासाठी तो रोज धुवावा आणि अंग कोरडे करावे. भर उन्हाळ्यात स्पोर्ट्स ब्रा आणि वरून सैल, गडद, सुती शर्ट हा पर्याय पुष्कळांना चालतो. आणि घरी आल्यावर त्याला बाइंडर काढून सैल बनियनवर निवांत बसता यावे, पाहुण्यांची पर्वा न करता, एवढी मोकळीक घरात असावी. पुष्कळ मुले केवळ घरात तशी मोकळीक नाही म्हणून चौदा-चौदा तास बाइंडर घालतात.

वैद्यकीय उपचार हा पुढचा आणि त्याच्या स्वतःच्या निर्णयाचा भाग आहे. सगळे ट्रान्स पुरुष संप्रेरके घेत नाहीत, सगळे शस्त्रक्रिया करत नाहीत, आणि त्यामुळे कोणी कमी ट्रान्स ठरत नाही. ज्यांना उपचार हवे असतात ते मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांच्याशी बोलून मग अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांकडे, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे जातात. टेस्टोस्टेरॉन सुरू केल्यावर बहुतेकांची पाळी काही महिन्यांत थांबते, आवाज पहिल्या वर्षात घोगरा होऊ लागतो, दाढी पूर्ण यायला चार-पाच वर्षेही लागतात. औषध थांबवल्यास पाळी बहुधा परत येते, अंगावरची चरबी पूर्वीच्या जागी जाते, पण खोल झालेला आवाज आणि आलेली दाढी परत फिरत नाही. रक्त घट्ट होण्याचा धोका असतो, म्हणून हिमोग्लोबिन, हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण), रक्तातील चरबी यांच्या तपासण्या ठरावीक काळाने कराव्याच लागतात. पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही, आणि गर्भाला ते घातक आहे. पुढे मूल हवेसे वाटेल का, बीजांडे राखून ठेवायची का, हे बोलणे औषध सुरू होण्याआधी झाले पाहिजे. जिममधल्या ओळखीने किंवा ऑनलाइन इंजेक्शन मागवून स्वतःच टोचून घेणे हा प्रकार आपल्या शहरातही चालतो, आणि घरच्यांनी डॉक्टरकडे जायला साफ नकार दिला की मुले त्याच वाटेला लागतात. गर्भाशय आणि स्तन शरीरात आहेत तोवर त्यांच्या तपासण्याही चुकवू नयेत. दाढी आलेल्या तरुणाला स्त्रीरोगतज्ज्ञांच्या प्रतीक्षागृहात बसणे किती अवघड जाते याचा विचार करून आधी फोनवर वेळ ठरवून घ्यावी.

कायद्याविषयी थोडे. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात आपला लिंगभाव स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. त्यानंतर आलेल्या 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याने ट्रान्स पुरुषांचा उल्लेख व्याख्येतच केला, जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखीचे प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था केली, आणि ट्रान्स व्यक्तीला तिच्या घरात राहण्याचा हक्क दिला. कायद्यात आणि नियमांत फेरबदल होत असतात, म्हणून अर्जाच्या वेळी चालू नियम वकिलांकडून समजून घ्यावेत. आपल्या मुलाचे अंतिम वर्ष आहे, तेव्हा पदवीच्या प्रमाणपत्रावर कोणते नाव छापले जाणार, याचा विचार परीक्षेच्या अर्जापूर्वीच करावा. पदवी हाती आल्यावर नाव बदलून घेण्यात फार वेळ जातो. त्याला समवयस्कांची सोबत हवी असेल, तर नागपुरात सारथी ट्रस्ट ही संस्था एलजीबीटी, म्हणजे समलिंगी, उभयलिंगी आकर्षण असलेल्या आणि ट्रान्स समाजासाठी काम करते.

राहता राहिली भाऊबीज आणि आजी. आपल्या मोठ्या मुलीचा प्रश्न मला फार आवडला, कारण तिने ‘याला’ हा शब्द वापरला आहे, आपल्या लक्षात आले असेल वा नसेल. तिला सांगा की आधी त्यालाच विचार. काहींना तो पाट, तो टिळा, ते ओवाळणे हवेहवेसे असते. काहींना सगळ्यांसमोर एकदम प्रकाशात येणे नको असते. त्याला चालणार असेल तर ओवाळावे, आणि त्यानेही ओवाळणी टाकावी, कमावता झालेला नसला तरी. आजींना लिंगभाव, अभिव्यक्ती हे शब्द सांगण्याची गरज नाही. ‘आई, आपल्या नातवाला या नावानं हाक मारलेली आवडते’ एवढे सांगावे, तेही सणाच्या गर्दीत नव्हे, दुपारी एकट्या असताना. माझा अनुभव असा आहे की आजी-आजोबा नावात अडखळतात, पण आईबाबांइतके ‘लोक काय म्हणतील’ यात अडकत नाहीत. मोठे बाबा, मोठी आई, आत्या यांना केव्हा आणि किती सांगायचे, हे त्याच्यावर सोडावे. त्याच्या परवानगीशिवाय आपण कोणालाही सांगू नये, अगदी काळजीपोटीसुद्धा. महालक्ष्म्यांच्या जेवणाला कोणी विचारलेच, तर ‘त्याचं त्याला विचारा’ असे म्हणता येते.

आणि आपल्या तोंडून जुने नाव निघेल, अनेकदा निघेल. त्या वेळी लांबलचक माफी मागू नका, रडू नका, कारण मग आपली समजूत काढण्याचे काम त्याच्यावर पडते. चूक लक्षात आली की नवे नाव घेऊन तेच वाक्य पुन्हा म्हणावे आणि पुढे बोलत राहावे. आज संध्याकाळी तो कॉलेजमधून आला की दारातून विचारून पाहा, ‘आलास का रे? पाणी घे आधी.’